पायांनी राखलेला बांध

खारेपाटातली लाल एसटी कोपरखारच्या थांब्यावर वळते आणि आल्या वाटेने परत जाते, कारण पुढे रस्ता नाही, बांध आहे. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला भाताची खाचरे, आणि खाचरे खाडीच्या पाण्याहून खाली. नवख्या माणसाला हा उलटा प्रकार बघून आधी गंमत वाटते, मग जरा धास्ती. बांध संपतो तिथे पलीकडची आंबेटेंभ वाडी. थांब्याच्या शेडखाली आणखी एक नवल असते. तिथे चपलांची रांग लागलेली असते, पण आसपास देऊळ कुठेच दिसत नाही.

आंबेटेंभचे हसूदादा ठाकूर सकाळच्या गाडीच्या वेळेला त्या शेडमध्ये बसलेले असतात. त्या रविवारी शहरातून पायी भटकणाऱ्यांचा एक गट उतरला. टोप्या, काठ्या, पाठीवर फुगलेल्या पिशव्या. एवढा सरंजाम बघून हसूदादांना वाटले, ही मंडळी हिमालयाला निघालेली दिसतात, गाडी चुकली असेल.

"पायतानं इथं काढा," ते म्हणाले. "बांदावर अनवाणी जायाचं."

"देऊळ कुठे आहे, आजोबा?" एका चष्मेवाल्या बाईंनी विचारले.

"त्याच्यावरनंच तं चालायचं हाय तुमाला."

मग त्यांनी सगळ्यांना बाकावर बसवले आणि त्यांच्या आज्याने त्यांना सांगितलेली हकीकत सांगितली. सांगताना ते माणसांकडे बघत नव्हते, बांधाकडे बघत होते.

फार पूर्वी इथे जमीन नव्हती, असे सांगतात. भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, एवढाच काय तो मुलूख. कोपरखारच्या लोकांनी चिखलाच्या पाट्या वाहून बांध घातला. तो फुटला. पुन्हा घातला, पुन्हा खांड पडली. बापाने घातलेला बांध मुलाच्या डोळ्यांदेखत वाहून जायचा आणि मुलगा पुन्हा पाटी उचलायचा. शेवटी गावचा पाटील जोमा याने खाडीला नारळ दिला आणि बांधाला हात जोडले. "आये, तू उभी रा. आमी कवाच तुला पाय लावणार नाय." त्या वर्षी म्हणे बांध टिकला. पहिल्यांदा खारीत, बांधाआडच्या त्या खारट जमिनीत, भात पिकले. लाल, जाडा, पेज केली तर घरभर वास सुटेल असा. हसूदादांनी तो लहानपणी खाल्ला होता. आता ते बियाणे कुणाकडे उरलेले नाही.

गावाने नवस अक्षरशः पाळला. बांधावर माणूस चढेना, जनावर चढेना. दोन्ही टोकांना हळदकुंकू वाहायचे आणि लांबून नमस्कार करायचा. आंबेटेंभला जायचे तर होडीने जावे, नाहीतर खाडीला वळसा घालून दिवसभर पाय तोडावेत. बांधाला जो पाय लावील त्याला गाव बंद, असा दंडक जोमाने घालून दिला. सासुरवाशीण असेल तर तिने माहेरी जावे आणि तिथेच राहावे.

सुकरी ही याच जोमाची धाकटी सून. माहेर आंबेटेंभचे, म्हणजे समोरच. अंगणात उभी राहिली की आईच्या चुलीचा धूर दिसायचा, पण जायचे म्हटले तर होडी हवी. त्या वर्षी पिठोरी अवसेच्या आदल्या दिवशी शेवटच्या होडीने निरोप आला की आई अंथरुणाला खिळली आहे, तुझे नाव घेते आहे. सकाळी उधाणाचा वारा सुटला होता. तांडेलाने होडी काढायला साफ नकार दिला. वळशाने गेली असती तर संध्याकाळ झाली असती, आणि आई संध्याकाळ बघेल की नाही याचा भरवसा नव्हता. सुकरीने इकडेतिकडे पाहिले, वहाणा हातात घेतल्या, हात जोडले आणि ती बांधावर चढली.

वर्षानुवर्षे पाय न लागलेला तो बांध. कमरेएवढे गवत माजलेले. निम्मी वाट सरली आणि तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. आत मऊ होते, आणि गार. तिने पाय काढला, दोन पावले पुढे टाकली, पुन्हा तेच. गवत बाजूला केले तर चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळेच बिळे. देवी म्हणून जिला जपले, ती आतून पोखरून निघाली होती. शेताच्या अंगाला बारीक धार लागली होती. सुकरीने बोट बुडवून जिभेला लावले. खारट.

दुपारी उधाण चढणार होते. खारीत भात पोटरीला आलेले होते. दोन्ही गावे पाण्याहून खाली.

समोर आईचे दार दिसत होते. पण पलीकडच्या वाडीत म्हातारी माणसे तेवढी होती, जवान सगळे आधीच मासेमारीला गेलेले. हात होते ते मागे, कोपरखारात. तिथे जाऊन सांगायचे म्हणजे आपण बांधाला पाय लावला हे आपल्याच तोंडाने सांगायचे, आणि आईची शेवटची भेटही अंतरायची. न सांगता पुढे गेली असती तर कुणाला कळलेही नसते. सुकरी तिथे बसून मोठ्याने रडली, असे सांगतात. मग उठली आणि माघारी पळत सुटली.

जोमाने तिचे चिखलाने माखलेले पाय पाहिले आणि काय ते ओळखले. गाव गोळा झाले. पाट्या आल्या, पेंढा आला, फावडी आली. आणि बांधाच्या टोकाशी येऊन सगळे खिळल्यासारखे उभे राहिले. चढायचे कुणी? देवीला पाय कुणी लावायचा? भरतीची रेघ वर सरकत होती आणि धडधाकट गाव हात जोडून उभे होते.

तेव्हा सुकरी सासऱ्यासमोर प्रथमच तोंड वर करून बोलली. "मामा, तान्हं पोर आयसच्या अंगावर नाचतं. तिला पाय लागतो, तं ती रागावते का?"

जोमाने वहाणा काढल्या, वाकून मातीला कपाळ लावले आणि बांधावर पहिला पाय ठेवला. त्याच्यामागे गाव चढले. पुरुषांनी बिळांत चिखल-पेंढा कोंबला आणि बायकांनी लुगडी खोचून तो पायांनी मळला. लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीने लग्नातला धवला धरला, कारण इतक्या पायांना एका तालात आणील असे दुसरे गाणे कुणालाच सुचेना. पाणी बांधाच्या ओठापर्यंत आले, तिथेच घुटमळले आणि दुपार कलताना उतरले. बांधाला खांड पडली नाही.

मग सुकरी माहेरी पोचली. आई गेली होती.

शेजारणीने तिला सांगितले, "तुझ्या आयसनं खाट दारात वळवून घेतली होती. बांदावर तू दिसलीस तशी म्हणाली, माझी सुकरी आली. मंग तू माघारी फिरलीस. आमाला वाटलं, आता ही खचली. तं म्हणते कशी, परतली म्हंजे काय तरी मोठं काम असंल. आन मंग सगळा बांद माणसांनी भरला तसा हसली. म्हणाली, माझ्या पोरीनं अख्खं गाव आणलं गो. तेवढं बघून डोळं मिटलं."

सुकरीला कुणी गावबंदी केली नाही. जोमाने त्याच बांधावर नवा नवस बोलला. या आईला फूल नको, पाऊल हवे. येणाऱ्या-जाणाऱ्याने अनवाणी चालावे, म्हणजे कुठे गार लागते, कुठे मऊ लागते ते तळव्याला कळेल. नवरी डोलीतून उतरून चालत यावी, आणि माहेरी निघालेल्या लेकीला या बांधावर कुणी अडवू नये.

हसूदादा थांबले. पाहुण्यांनी गुपचूप बुटांच्या नाड्या सोडायला सुरुवात केली. चष्मेवाल्या बाईंचे लक्ष रांगेच्या टोकाला गेले. तिथे जाड तळव्याचे परदेशी बूट होते, पावसाळे खाऊन रंग उडालेले.

"हे कुणाचे? इतके दिवसांचे दिसतात."

"आमच्या रेवतीचे. माझी लेक. हॉलंडला असते." हसूदादांचा आवाज एकदम खुलला. "तिकडंबी अशीच खार हाय म्हणते. समिंदर वर, शेत खाली. सुट्टीच्या दिवशी बस पकडायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं, आन बांदाबांदानं चालत ऱ्हायचं. हौशी लोक. बांद घट राहावा म्हणून त्याच्यावर मेंढरं सोडतात. मी म्हटलं, तुमी मेंढरं चालवता, आमी सुना चालवतो."

सगळे हसले. हसूदादाही हसले, आणि मग सांगू लागले. रेवतीची आई गेली तेव्हा रेवती विमानात होती. ती या थांब्यावर उतरली तोवर सगळे उरकले होते. तिने बूट इथे काढले आणि सुकरीसारखी बांधावरून आंबेटेंभला, घरी चालत आली. परत जाताना आईच्या जुन्या चपला मागितल्या आणि त्या घालून गाडीत बसली. बूट असू दे, म्हणाली, परत येईन तेव्हा लागतील.

"तिथं बांदावर आली की चपला काढून हातात घेते. थंडीत पाय गारठतात, तरी. तिथली माणसं बघत ऱ्हातात म्हणे."

पाहुणे एकामागे एक बांधावर चढले. पहिल्या पावलाला सगळ्यांनीच जरा अंग आखडले, मग चाल सुटी झाली.

आजही कोपरखारला लग्नाची गाडी थांब्यावर थांबते आणि नवरी शालू सावरत अनवाणी निघते. आणि आजही सकाळच्या एसटीच्या आधी हसूदादा ते बूट उचलतात, उलटे करून झटकतात. बहुतेक वेळा आतून एखादी चिंबोरी निघते. तिला ते खाडीकडे हाकलतात, बूट धोतराच्या सोग्याने पुसतात आणि बांधाकडे तोंड करून पुन्हा रांगेत ठेवतात. मग गाडी येते, आणि कोण कोण उतरते ते बघत उभे राहतात.