कोठीचं दार आणि बॅटरीची करवत

फार जुनी नाही, घरोघरी चार्जर आल्यानंतरची गोष्ट. केळसकरांकडे बॅटरीवर चालणारी छोटी करवत आली. पावसाळ्यात कोठीचं दार फुगून अडकू लागलं होतं.

खुंटीवरची हातकरवत म्हणाली, "थांब गं, दिवाळीला सुटतं ते. दरवर्षी केळसकर मला घेऊन बसतात, लगेच दमतात, चहाला उठतात. तेवढ्यात काकू त्यांना आवरतात."

"तुझ्यात दम नाही म्हण की!" म्हणत छोटीने घर्रर्रकन दाराचा खालचा काठ उडवला. त्या आवाजात काकूंचं ओरडणं कुणालाच ऐकू आलं नाही.

दिवाळीला दार सुकून आकसलं. खालच्या फटीतून उंदीर सहकुटुंब आत शिरला, चिवड्यावर त्याने ताव मारला आणि छोटीपुढे हात जोडून म्हणाला, "ताई, लाडवांच्या कपाटाचं दारही जरा अडकतंय हो!"