चेंडू हवेत असताना

“मग माझं चुकलं कुठे, ब्रदर?”

ब्रदर सिप्रियन तुस्कानो केळीच्या बुंध्याशी वाकून सुकलेली पानं कोयत्याने छाटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आकडा बरोबर होता. कारणं बरोबर होती. एक शब्द खोटा लिहिला नव्हता मी.”

“हं...” ब्रदर म्हणाले, आणि पुढच्या केळीकडे सरकले.

हेरंब दाबके त्या दिवशी सकाळीच ठाण्याहून वसईला आला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा. ब्रदर एके काळी त्याच्या शाळेत रग्बी शिकवायचे. आता ते ब्याऐंशी वर्षांचे होते. निवृत्त ब्रदरांच्या मठात राहत आणि मठामागची वाडी राखत.

हेरंब स्वतः फारसा कधी खेळला नाही, पण खेळाचा नाद सुटला नाही. ठाण्यात त्याच्यासारखेच सात-आठ रग्बीवेडे मित्र होते. न्यूझीलंड असो, फ्रान्स असो, दक्षिण आफ्रिका असो, कुठल्याही दोन देशांची टेस्ट लागली की ही मंडळी जाल भरुचाच्या गच्चीवरच्या खोलीत टीव्हीपुढे जमत. रग्बीची टेस्ट ऐंशी मिनिटांत संपते. यांची चर्चा मात्र दोन-दोन दिवस चाले. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने ग्रुपवर आपला अंदाज लिहायचा, कोण जिंकणार आणि किती गुणांनी, आणि निकाल लागला की एकमेकांची यथेच्छ खेचायची, असा रिवाज होता.

बाकीचे मनाला येईल तसं लिहीत. जाल तर इटलीचा सामना असला की वर्षानुवर्षं इटलीच जिंकणार म्हणून लिहीत आला होता, कारण त्याला त्यांचा निळा रंग आवडायचा. हेरंब अभ्यास करून लिहायचा. कुणाचा गुडघा दुखावलाय, मैदानावर वारा कुठून असतो, पंच कोण आहे... दहातले आठ अंदाज त्याचे खरे ठरत. आपण कुणाच्याच बाजूचे नाही, याचा त्याला अभिमान होता. तो ते बोलूनही दाखवायचा.

आणि गेल्या जूनमध्ये त्याचा मुलगा निषाद भारताच्या संघात निवडला गेला.

कोलंबोत श्रीलंकेशी टेस्ट होती. निषाद तेवीस वर्षांचा, फुलबॅक. म्हणजे सगळ्या संघाच्या मागे एकटा उभा राहणारा गडी. समोरच्यांनी आभाळात मारलेला चेंडू खाली येईपर्यंत पाय रोवून थांबायचं आणि अंगावर धावून येणाऱ्यांकडे न बघता तो झेलायचा, हे त्याचं काम. लहानपणी दोन उन्हाळे हेरंबने त्याला याच वाडीत ब्रदरांकडे शिकायला ठेवलं होतं.

आदल्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांनी भारत लिहिला. कुणी एका गुणाने, कुणी तीन, कुणी थेट वीस. संध्याकाळ झाली तरी हेरंबचा अंदाज आला नव्हता. मग एकाने लिहिलं, की आज हेरंब लिहिणार नाही, आज निषादचा बाप लिहिणार.

ते हेरंबला लागलं.

त्याने लिहिलं, श्रीलंका अडतीस, भारत सात. खाली ओळीने कारणं दिली. शेवटचं कारण असं होतं: ‘फुलबॅक नवखा आहे. चेंडू डाव्या खांद्यावरून आला की तो गडबडतो. पहिल्या दहा मिनिटांत दिसेल.’

कुणी तरी ते पुढे धाडलं. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोलंबोच्या हॉटेलात संघ जेवायला बसला होता, तेव्हा निषादने ते आपल्या फोनवर वाचलं.

चौथ्याच मिनिटाला चेंडू वर गेला. डाव्या खांद्यावरून आला. निषादच्या छातीवर आपटून तो पुढे पडला, आणि श्रीलंकेच्या गड्याने उचलून रेषेपलीकडे नेऊन टेकवला. त्यानंतर आणखी दोन सुटले. निकाल लागला एकेचाळीस–सात.

गच्चीवर टीव्ही बंद झाला. मग कुणाचा तरी हात हेरंबच्या पाठीवर पडला, आणि तो म्हणाला, तीनच गुणांनी हुकलास की.

निषाद घरी आला तेव्हा भांडलाही नाही. दोन दिवस राहिला. खेळाचे बूट गॅलरीत वाळत घातले होते, ते तिथेच ठेवून नागपूरला नोकरी धरून निघून गेला. त्याला आता पाच महिने झाले होते. रविवारी आईला फोन करायचा. हेरंब शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसे आणि सुलभाच्या बाजूचं तेवढं ऐके. ती मधेच हसली, तर तिकडे तो काय म्हणाला असेल, याचा त्याला काही केल्या अंदाज येत नसे.

हे सगळं त्याने वाडीत उभ्याउभ्या सांगितलं. ब्रदरांनी मधे एकदाही टोकलं नाही.

“म्हणजे मी खोटं लिहायला हवं होतं?” त्याने शेवटी विचारलं. “पोटचा पोरगा आहे म्हणून?”

ब्रदरांनी कोयता खाली ठेवला. हात धोतरासारख्या नेसलेल्या जुन्या पंच्याला पुसले. पपनसाच्या झाडाशी जाऊन हाताशी आलेलं एक फळ पिळून तोडलं. चांगलं नारळाएवढं होतं, जड. मग त्यांनी हेरंबला दहा पावलं लांब जाऊन उभं राहायला सांगितलं.

“पाडशील तू,” ते शांतपणे म्हणाले. “हात कच्चे आहेत तुझे. शाळेपासून.”

आणि दोन्ही हातांनी फळ वर उडवलं.

म्हाताऱ्या माणसाच्या मानाने ते बरंच उंच गेलं. हेरंब एक पाऊल मागे गेला, अर्धं डावीकडे सरकला, त्याचा चष्मा नाकावरून घसरला... पण फळ त्याने पोटाशी आवळून धरलं.

त्याला धाप लागली होती. तरी आवाजात थोडा ताठा आला.

“बघा. मलाही तुम्ही तेच सांगितलंत. मी पकडलंच ना?”

“पकडलंस.”

“मग?”

“फळ वर होतं, तेव्हा माझ्याकडे बघितलंस?”

त्याने बघितलं नव्हतं. तो फळाकडे बघत होता. आता त्याने बघितलं.

ब्रदर अजून तसेच उभे होते. गुडघे वाकलेले, दोन्ही हात छातीशी उचललेले, पंजे उघडे. जणू फळ त्यांनाच झेलायचं होतं.



शेजारच्या वाडीतला पाण्याचा पंप चालू होता, तो बंद झाला.

पपनस मांडीवर घेऊन तो विहिरीच्या कठड्यावर बसला. ब्रदर हळूहळू सरळ झाले, कमरेवर हात ठेवून आले आणि त्याच्या शेजारी टेकले.

“एक सांगितलं नाही मी तुम्हाला,” हेरंब म्हणाला.

ब्रदरांनी त्याच्याकडे मान वळवली.

“जाताना तो दारात उभा होता. खांद्याला बॅग. मला म्हणाला, बाबा, तो पहिला चेंडू हवेत होता... तेव्हा तुला काय हवं होतं?”

“तू काय म्हणालास?”

“काहीच नाही.”

ब्रदरांनी पायाशी पडलेलं एक सुकं पान उचललं.

“काहीच बोलता आलं नाही, ब्रदर.”

तो चेंडू तीन-चार सेकंद हवेत होता. तेवढेच सेकंद पाच महिने हेरंबच्या डोक्यात फिरत होते. गच्चीवरच्या खोलीत सगळे उठून उभे राहिले होते. जाल तर सत्तरी गाठलेला माणूस, तो खुर्चीवर चढला होता आणि गुजरातीत काही तरी पुटपुटत होता. बसलेला होता तो एकटा हेरंब. टीव्हीवर त्याचा मुलगा मान वर करून, हात पसरून उभा होता. चेंडू डाव्या अंगाला झुकायला लागला, आणि हेरंबच्या आत कुठे तरी एक बारीक, गार समाधान हललं, की आपलं बरोबर येतंय.

“मला बरं वाटलं,” तो म्हणाला. “एवढंसं. अर्धा क्षण... पण वाटलं.”

खोटं बोलणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. आणि हे खरं, दारात उभ्या असलेल्या पोराला सांगता आलं नव्हतं. म्हणून तो तेव्हा नुसता बघत राहिला होता, आणि निषादने मान हलवली होती, आपल्याला कळलं अशी, आणि जिना उतरून गेला होता.

हेरंब रडला. आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ रडला.

असं होतं कधी कधी, असं ब्रदर म्हणाले नाहीत. पाठीवर हातही ठेवला नाही. त्याच्या मांडीवरचं पपनस तेवढं उचलून कठड्यावर ठेवलं, खाली पडू नये म्हणून.

चर्चमध्ये दुपारची घंटा झाली. ब्रदरांनी कपाळाला, छातीला हात लावून क्रुसाची खूण केली, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. हेरंबने चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मग तो म्हणाला, की नाताळच्या सुमाराला निषादला चार दिवस सुट्टी आहे. सुलभाने त्याला घरी ये म्हटलंय. तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

“येईल का तो, ब्रदर? तुम्हाला काय वाटतं?”

ब्रदरांनी कठड्यावरचं पपनस उचलून त्याच्या हातात दिलं.

“येईल म्हणू, हेरंब... की येवो म्हणू?”