राजाच्या पोटातलं माणिक

ही गोष्ट शंभर टक्के खरी! मी स्वतः त्या दरबारात उभा होतो. म्हणजे, तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. पण उभा होतो.

भद्रसेन राजाच्या कमरेत कळ उठली. मूत्रपिंडात खडा! दरबारी सीटी स्कॅनवाल्या रंगनाथने राजाला यंत्रात सरकवलं, दोन ताकदींचे किरण सोडून खड्याची जात ओळखली आणि खरं बोलून बसला, "युरिक ॲसिडचा आहे, महाराज. औषधाने विरघळेल. मटण कमी करा, पाणी भरपूर प्या."

"आमच्या पोटात साधा खडा? भिकाऱ्यासारखा?" राजा कडाडला.

"छे छे, माणिक असणार!" प्रधान म्हणाले.

"तेही पैलू पाडलेलं!" सेनापतींनी भर घातली.

रंगनाथ तुरुंगात गेला. दवंडी पिटली: खड्याची जात सांगा! साधा म्हणाल तर सुळावर, खोटं बोलाल तरी सुळावर! आणि मावळतीपर्यंत कोणी सांगितली नाही, तर रंगनाथ सुळावर!

रंगनाथची बायको यमुना जवाहिरखान्यात झाडलोट करायची. ती पदर खोचून तडक दरबारात आली.

"माणिकच आहे, महाराज!"

राजा खुलला. प्रधानांनी मान डोलावली.

"मग काढा की लवकर! राज्यात सापडलेलं रत्न त्याच दिवशी जवाहिरखान्यात जमा करायचं, हा थोरल्या महाराजांचा दंडक. मावळतीला दार बंद होतं. वैद्यबुवा, सुरीला धार आहे ना?"

वैद्यबुवांनी मुकाट्याने सुरी काढली.

"थांबा!" राजाने कंबर धरली. "औषधाने नाही का भागणार?"

"माणिक कुठं औषधाने विरघळतं? विरघळतो तो यंत्रात दिसलेला मटणाचा खडा! आता तुम्हीच सांगा, पोटात काय आहे?"

राजाने सुरीकडे पाहिलं. "खडा! साधा खडा! अगदी भिकार खडा!"

"साधा? हे तर तुम्हीच म्हणालात, महाराज. सूळ कुणासाठी उभारायचा?"

राजा गुरगुरला, "आणि तू माणिक म्हणालीस, ते खोटं नाही?"

"मी प्रधानजींचंच बोलणं पुढे चालवलं. आधी ते चढू देत सुळावर, मी येतेच मागून!"

प्रधान पांढरेफटक पडले आणि राजा खो खो हसत सुटला. "सोडा रंगनाथला! यमुनेला माणकाची अंगठी द्या! आणि या प्रधानांचं डोकं घाला त्या यंत्रात. आत काही सापडतंय का, बघू तरी!"

यातलं राजाचं हसणं तेवढं मी पदरचं घातलंय. रंगनाथला त्याने सोडलं, पण दात-ओठ खात.