नववा टोला

फार पूर्वी, वेत्रपूर नगरात मेघरथ नावाचा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. त्यांच्यात एकच दोष आहे, असे राजवाड्यात सर्वांचे मत होते: ते सभेला नेहमी उशिरा पोहोचत.

हा उशीर किती, हे नेमके सांगू शकणारी व्यक्ती नगरात एकच होती. तिचे नाव सामा. चौकातल्या मनोऱ्यावर पाण्याने भरलेले घंगाळ असे आणि त्यात, बुडाला सूक्ष्म छिद्र असलेली, तांब्याची वाटी तरंगत असे. वाटी भरून बुडाली की एक घटिका झाली. मग सामा काशाच्या मोठ्या थाळीवर टोले देई. या थाळीला सगळे तास म्हणत. प्रहराच्या पहिल्या घटिकेला एक टोला, दुसरीला दोन, असे वाढत वाढत आठ. पुढच्या प्रहरी पुन्हा एकापासून. तास वाजू लागला की वेत्रपूरची माणसे बोलता बोलता थांबत आणि टोले मोजत. भांडणारेसुद्धा मोजून होईपर्यंत गप्प बसत आणि नंतर, जिथे सोडले होते तिथून, पुन्हा भांडू लागत.

सात वर्षांत सामाच्या हातून एक टोला चुकला नव्हता. ती वाटी तिच्या वडिलांनी, भोजक तांबटांनी, घडवली होती. आता ते अर्धांगवायूने तांबट आळीतल्या घरी पडून असत. सामा पहाटे निघे ती सूर्यास्ताला परते. दुपारी भिंतीपलीकडची एक बाई येऊन त्यांना पेज पाजून जाई. संध्याकाळी वाडगे घासून उंबऱ्यापाशी उपडे घातलेले असे. सामा ते उचलून फळीवर ठेवी. शेजारधर्म आहे, ती मनाशी म्हणे. त्यात विशेष ते काय?

मनोऱ्यावरून तिला अमात्यांची वाट पूर्ण दिसे. उन्हाळ्यात वेत्रपुरात प्रत्येक दारी वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण भरून ठेवण्याची चाल होती. लोक पाणी पीत आणि चालू लागत. बोधिसत्त्व पाणी पीत आणि त्या घराची कडी वाजवीत.

एके दिवशी सामाने त्यांना मनोऱ्याच्या पायथ्याशीच गाठले.

“अमात्य, आज पाऊण घटिका उशीर.”

“एवढा?”

“मोजलाय.”

“पिंपळाजवळ पाणी प्यायलो गं. त्या बाईनं रांजणात वाळा घातला होता. नाव न विचारता कसा निघू?”

“तिनं काही तुमच्यासाठी घातला नव्हता.”

“म्हणून तर! माझ्यासाठी घातला असता, तर अमात्याचा मान ठेवला एवढंच झालं असतं. तिनं तो कुणाही तहानलेल्यासाठी घातला.”

“असेल. पण नाव कशाला हवं?”

“आभार मानायचे, तर कुणाचे ते नको का ठाऊक असायला? तू मोजमापाची माणूस. निदान तुला तरी हे पटायला हवं.”

“वाटी भरत आली,” म्हणत सामा जिना चढू लागली. तिला ते पटले नव्हते.

त्याच वैशाखात राजाने मोठा उत्सव योजला. ज्यांनी आपल्यावर थोर उपकार केले अशा बारा जणांना हत्तीवर बसवून तो मिरवणार होता. त्याने बोधिसत्त्वांना विचारले, “अमात्य, तुमचे उपकारकर्ते किती?”

“अजून मोजून व्हायचे आहेत, महाराज. आज सकाळपर्यंत तीनशे अकरा.”

राजा खदखदून हसला. “मग तुमच्या मिरवणुकीला हत्ती कुठून आणायचे?”

उत्सवाच्या दिवशी सारे नगर चौकात लोटले. नगारे घुमत होते, गुलाल उडत होता, गच्च्या माणसांनी वाकल्या होत्या. तांबट तर पेटत्या भट्ट्या तशाच टाकून धावत आले होते आणि तेच भोवले. माध्यान्हीचा गरम वारा सुटला, एक ठिणगी उडाली आणि आळीच्या तोंडाशी असलेले कापसाचे कोठार पेटले.

धूर सर्वांत आधी सामाला दिसला. कोठारापासून पाचवे छप्पर तिच्या घराचे होते.

तेवढ्यात राजानेही धूर पाहिला. तो हत्तीवर उभा राहून ओरडला, “पाणी आणा! सर्वांनी पाणी आणा!”

सर्वांनी म्हणजे कोणी? प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले. कोणी वेशीकडे पळाले, कोणी आग बघायला पुढे घुसले, रक्षकांनी चाबूक उगारले तशी गर्दी अधिकच घट्ट झाली. नगारे वाजतच होते. राजा पुन्हा पुन्हा ओरडत होता आणि एकही रांजण जागचा हलत नव्हता.

सामा जिन्याकडे धावली. समोरून धापा टाकीत बोधिसत्त्व वर येत होते.

“सामा, तास वाजव!”

“वाटी अजून अर्धीच भरलीय! सोडा मला, माझे बाबा तिकडे…”

“म्हणूनच सांगतो, वाजव. आणि मी म्हणेपर्यंत थांबू नकोस.”

सात वर्षांत पहिल्यांदा सामाने वाटीकडे न बघता हातोडी उचलली. एक. दोन. तीन. जवळचे लोक सवयीने गप्प झाले. चार. पाच. नगारे थांबले. सहा. सात. आठ. लोकांचे मोजून झाले. तेवढ्यात नववा टोला पडला.

नऊ टोले वेत्रपुरात कोणी कधी ऐकले नव्हते. हजारो माना मनोऱ्याकडे वळल्या. बोधिसत्त्वांनी हातानेच सामाला थांबवले. इतकी शांतता पसरली की कापूस तडतडताना ऐकू येऊ लागला.

त्या शांततेत बोधिसत्त्वांचा आवाज खणखणला.

“पिंपळाजवळची रोहा! वाळ्याचं पाणी तुझं. उचल रांजण!”

“उचलते!” गर्दीतून एक हात वर झाला.

“इसिदत्त कुंभार! तुझा गडू फुटका आहे, पण रांजण धड आहे. चल!”

“गडू कालच बदलला, अमात्य!” म्हणत तो धावलाही.

“तिळा, तू आणि तुझी जाऊ! भांडण उद्यावर टाका, एका रांजणाला दोघी धरा!”

“तिला सांगा आधी!” तिळा फणकारली; पण रांजणाकडे दोघी बरोबरच धावल्या.

नावामागून नाव. आगीला जवळची घरे आधी, लांबची नंतर. त्या वाटेने रोज पायी चाललेल्या माणसालाच साधावे, अशा क्रमाने. ज्याचे नाव येई त्याला चौकात लपायला जागा उरत नसे. आणि खरे तर कोणी लपूही पाहत नव्हते. आपल्या घोटभर पाण्याची आठवण कोणीतरी ठेवली आहे, या जाणिवेने माणसे पेटून उठली होती. अंगणे ओलांडीत, कुंपणे मोडीत पाणी तांबट आळीकडे धावू लागले.

चाळिसाव्या नावापर्यंत सामा नकळत मोजत राहिली. मग भानावर येऊन तिने जिना गाठला.

घराचे दार सताड उघडे होते. आत धूर होता, बाज नव्हती. ती किंचाळत आळीच्या दुसऱ्या टोकाला धावली. तिथे कडुनिंबाखाली बाज होती. बाजेवर ओल्या गोधडीत गुंडाळलेले वडील होते आणि भिंतीपलीकडची ती बाई पदराने त्यांना वारा घालीत होती. तिच्या बटा करपल्या होत्या. बाजेचा पाय धरून तिने ती एकटीने ओढत आणली होती. सारे नगर मिरवणुकीला गेले असता ती घरीच राहिली होती, कारण ती पेजेची वेळ होती.

“पेज सांडली गं हिच्या हातून,” भोजक तांबट कुरकुरले.

“सांडली तर सांडली! दुसरी करते,” बाई म्हणाली.

एक कोठार आणि चार छपरे जळाली. पाचवे वाचले. जीव कोणाचाही गेला नाही. बोधिसत्त्वांच्या पुण्याने अग्नी आपोआप शमला, असे काही जण सांगतात. तो पाण्याने शमला. दोनशे आठ रांजणांच्या. सामाने ते नंतर मोजले.

राजा पायी आला. “मी आज्ञा दिली तेव्हा कोणी हलले नाही. तुम्ही त्यांना असे काय दिलेत?”

“दिले काहीच नाही, महाराज. जे मिळाले होते, ते लक्षात ठेवले होते.”

सामा बोधिसत्त्वांजवळ गेली. तिची मान खाली होती. “अमात्य, त्या बाईचं नाव काय हो?”

“मला ठाऊक आहे.”

“मग सांगा ना.”

“तिच्याही दारात रांजण आहे, सामा. इतकी धावलीस, तहान नाही लागली तुला?”

सामा गेली. बाई घरी परतून दुसरी पेज करीत होती. रांजणाच्या तळाशी घोटभर पाणी उरले होते. ते प्यायली आणि तिने कडी वाजवली.

“तुमचं नाव काय?”

बाई बघतच राहिली. “सात वर्षांनी विचारतेस होय! कण्हा.”

“कण्हा,” सामा म्हणाली, आणि पुढचे शब्द जुळवायला तिला फार वेळ लागला. त्या दिवशी वाटी केव्हाच बुडून गेली होती आणि टोला कितीतरी उशिरा पडला. नगरात कोणीही तक्रार केली नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षुणी मित्तिकेसाठी सांगितली. पावसाळ्यातल्या वर्षावासभर एकाच दारी भिक्षा घेऊनही तिला दात्रीचे नाव सांगता आले नव्हते. शास्ते म्हणाले, “विहाराच्या शिळेवर थोर दात्यांचीच नावे कोरावीत म्हणणारा आजचा श्रेष्ठी म्हणजे तेव्हाचा राजा मेघरथ. त्या दारातली दात्री म्हणजे कण्हा. अमात्य मीच होतो. आणि मित्तिके, सामा तू होतीस. लहानसे मिळालेलेही जाणणे, आणि ज्याने दिले त्याला नावाने ओळखणे, ही कृतज्ञता.”

मित्तिका उठली. भिक्षेची वेळ अजून झाली नव्हती. तरी ती त्या दाराकडे निघाली.