बेंद्रेबाईंचा ओटा आणि चेअरमनसाहेबांचं भाषण

सांगलीतल्या एका सोसायटीचे चेअरमन नरहरराव पोंक्षे यांना हुकूम सोडायला फार आवडायचं आणि भाषण करायला त्याहून जास्त. तिसऱ्या मजल्यावरच्या कुमुदिनी बेंद्रे यांनी नवी शेगडी आणली. ती ओट्यात बसवायची तर ग्रॅनाइट कापायला हवा होता. जुनी शेगडी देऊन झाली होती आणि फराळाच्या ऑर्डरी तोंडावर आल्या होत्या. बाई परवानगी मागायला गेल्या.

"खुशाल कापा," नरहरराव म्हणाले, "पण सोसायटीत कुणालाही आवाज ऐकू येता कामा नये. आला, की काम बंद!"

बाईंनी मान डोलावली आणि ग्रॅनाइटवाल्याला नेमकं वार्षिक सभेच्या वेळी बोलावलं.

खाली पार्किंगमध्ये नरहररावांचं भाषण रंगात आलं आणि वर कटर किंचाळू लागला. नरहरराव लालबुंद झाले.

"बेंद्रेबाई, काय ठरलं होतं आपलं?"

बाई पहिल्याच रांगेतून उठल्या. "साहेब, तुम्ही बोलत असताना लोकांना दुसरं काही ऐकू येईल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. विचारूनच बघू या." त्या सभेकडे वळल्या. "साहेबांचं भाषण सोडून ज्यांचं लक्ष त्या आवाजाकडे गेलं असेल, त्यांनी हात वर करा."

खजिनदारांनी अर्धा उचललेला हात नरहररावांनी नुसत्या नजरेनं खाली बसवला.

"कुणालाही काही ऐकू आलेलं नाही!" त्यांनी जाहीर केलं आणि भाषण पुढे रेटलं. ओटा कापून होईपर्यंत आता भाषण थांबवायची सोयच उरली नव्हती.