तेरावे पुडके

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध आचारी खानावळ चालवीत असे. जिताडा माशाचे पांढरेशुभ्र तुकडे, त्यांवर कांदा, भोपळी मिरची, फरसबी, थोडी लसूण आणि लिंबाचा रस, हे सारे तो फॉइलच्या पुडक्यात घट्ट बांधून निखाऱ्यांवर ठेवी. पूर्वी तो केळीचे पान वापरी. पाने मिळेनाशी झाली तेव्हा कुरकुर न करता त्याने फॉइल आणली.

त्याचा एक शिष्य होता. वय पस्तीस, पदवीधर, कष्टाळू. दोष एकच. पुडके निखाऱ्यांवर पडले की दुसऱ्या मिनिटाला तो ते उघडून पाही. बंद करी, पुन्हा उघडी. तीन वर्षांत त्याने भाजलेल्या माशांपैकी निम्मे कच्चे होते, निम्मे कोरडे, आणि काही एकाच वेळी दोन्ही. त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याकडे कोणतेही काम सुरू झाले की तिसऱ्या दिवशी ते उघडून पाहतात, आणि नंतर ते कच्चे का राहिले याच्या चौकशीसाठी समिती नेमतात.

एके दिवशी एक व्यापारी आला. खाडीवरच्या त्याच्या नव्या हॉटेलात मासे भाजायला माणूस हवा होता. तो म्हाताऱ्याला म्हणाला, "उद्या दुपारी आम्ही बाराजण जेवायला येतो. शिष्याने भाजायचं. जमलं तर जागा त्याची." शिष्याला ती जागा हवीच होती. तीन वर्षे त्याचे घर बायकोच्या शिवणयंत्रावर चालले होते.

दुसऱ्या दिवशी बारा पुडकी बांधून निखाऱ्यांवर ठेवल्यावर म्हाताऱ्याने तेरावे घेतले. शिष्याच्या डोळ्यांदेखत त्यात दुधीची साले आणि फरसबीची देठे भरली, ते नीट बांधले आणि निखाऱ्यांच्या कडेला ठेवले.

"त्या बारा पुडक्यांना हात लावायचा नाही," तो म्हणाला. "हे हवं तितक्या वेळा उघड."

"आबा, यात सालं आहेत."

"मला माहीत आहे. मीच भरली."

शिष्य गोंधळला. पण दोन मिनिटे होताच त्याने तेरावे उघडले. साले होती. बंद केले. पुन्हा उघडले. सालेच होती.

इतक्यात ते व्यापारी शेठ चुलीपाशी आले. "कुठवर आलं? एक उघडा, बघू."

म्हाताऱ्याने तेरावे पुढे केले. वाफेने शेठचा चष्मा धूसर झाला. त्यांनी गंभीरपणे वास घेतला. "अजून पाच मिनिटं," ते म्हणाले. मागोमाग त्यांचा मॅनेजर वाकला आणि मीठ कमी असल्याचे सांगून गेला.

बारा पुडकी ताटांत उघडली तेव्हा मासा बोटाने सुटत होता आणि भाज्यांचा रंग जागच्या जागी होता. पाहुण्यांनी फॉइलमधला रसही भाताने पुसून खाल्ला.

मंडळी हात धुवायला गेली तेव्हा शिष्य म्हणाला, "शेठना छान गुंडाळलंत, आबा."

"शेठ एकदा वाकले. तू चौदा वेळा. ते पुडकं तुझ्यासाठी होतं." म्हातारा निखारे सारीत बोलू लागला. "विस्तव बाहेरून तापवतो, पण मासा शिजतो तो स्वतःच्या वाफेवर. उघडलंस की ती गेली. तुला वाटतं, तू माशाची काळजी घेतोस. आत सालं आहेत हे ठाऊक असूनही तुझा हात थांबला नाही. मग ती काळजी माशाची होती का? तुला तुझीच भीती वाटते. ती भीती सोसायची कुणी, तू की माशाने?"

शिष्य काळवंडलेल्या सालांकडे पाहत राहिला.

शेठ परतले ते प्रसन्न होऊन. "जागा तुझी. एकच अट. प्रत्येक पुडकं अर्ध्यात मला उघडून दाखवायचं. त्याशिवाय ताटात जाणार नाही."

शिष्याने म्हाताऱ्याकडे पाहिले. म्हातारा राख भरण्यात गुंतला होता. तिथून मदत येणार नव्हती. दरमहा ठरलेला पगार समोर उभा होता, आणि शेठना दाखवायला सालांचे वेगळे पुडके बांधून ठेवणे तर अगदी सोपे होते.

"नाही जमणार, शेठ," शिष्य म्हणाला. "बांधलेलं पुडकं खाणाऱ्याच्या ताटातच उघडेल."

मॅनेजरने जमिनीकडे पाहिले. शेठ रिकाम्या फॉइलकडे वळले. मघाशी खाल्लेला मासा बहुधा अजून त्यांच्या जिभेवर असावा.

"मग तोवर मी काय करायचं?"

"बसायचं."

शेठनी चुलीभोवती नजर फिरवली. "खुर्ची कुठे टाकू?"

"चुलीपासून लांब," शिष्य म्हणाला.