म्हाताऱ्याची खाच

कड्याची धार बघा. डावीकडून सरळ चालत येते आणि मधेच एखादा दात पडावा तशी तुटते. त्या तुटलेल्या जागेला म्हाताऱ्याची खाच म्हणतात. तुम्ही बसला आहात तो उन्हाचा खडक. मघाशी तुम्ही म्हणालात, काय गार जागा आहे ही. वैशाखात येणारं प्रत्येक माणूस हेच म्हणतं. पहिली माणसंही हेच म्हणाली होती असं सांगतात, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमची सावलवाडी घोड्याच्या नालेच्या पोटात बसली आहे. तिन्ही बाजूंनी कडा, एक उत्तरेचं तोंड तेवढं उघडं. आत्ता सूर्य डोक्यावरून जातो, म्हणून दुपारपर्यंत ऊन असतं, आणि दुपार कलली की पश्चिमेच्या कड्याची सावली आईच्या पदरासारखी वाडीवर येते. पण दिवाळी सरली की सूर्य दक्षिणेला खाली खाली जातो. पौषात तो कड्याच्या पाठीमागूनच चालतो. वर आभाळ निळं असतं, समोरच्या डोंगरावर ऊन दिसतं, आणि वाडीत मात्र सकाळीही सावली, दुपारीही सावली. तेव्हा त्या खाचेतून जेवढं ऊन उतरतं तेवढंच आमचं. ते या खडकावर पडतं, थोडा वेळ थांबतं आणि जातं.

फार मागे, इथं नुसतं रान होतं तेव्हा, खालच्या मुलखात पाऊस पडेनासा झाला. विहिरी आटल्या, झाडांना पालवी फुटेना. कोंडाजी नावाचा एक म्हातारा आपल्या भावकीतली माणसं घेऊन वर निघाला. वैशाखच होता म्हणे. तापलेल्या वाटेनं लहान मुलांचे पाय भाजले होते, तर मोठ्यांनी त्यांना आळीपाळीनं पाठीवर घेतलं होतं. दुपार कलताना ती माणसं नालेच्या तोंडातून आत आली, आणि कड्याची सावली त्यांच्या अंगावर पडली. पुढं झरा दिसला. तो बघा, तिथंच, करंजाच्या मुळाशी. सगळी पाणी प्यायली आणि सावलीत आडवी झाली. एक म्हातारी नुसतीच रडत राहिली, सुखानं.

कोंडाजीनं झऱ्यात हात बुडवला आणि वर कड्याकडे पाहून कडजाईला नवस बोलला. कडजाई म्हणजे या कड्याची देवी. तिचं देऊळ नाही. धारेखाली एक कपार होती, तीच तिची जागा. कोंडाजी म्हणाला, "आई, तुझी ही सावली आमच्या डोक्यावरनं कधी हलू देऊ नको. आम्हीबी तिला सोडून कुठं जाणार नाही."

उन्हात होरपळलेल्या माणसानं मागितलं ते. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण वैशाखात मागितलं आणि पौषाची आठवण राहिली नाही. देवी ऐकते तेव्हा महिना विचारत नाही, असं आमच्याकडे म्हणतात ते तेव्हापासून.

पावसाळा चांगला गेला. नाचणी आली, वरईही आली. मग थंडी लागली आणि सावली आली ती उठेचना. माणसांनी शेकोट्या केल्या. अंग शेकलं जाई, हातपाय मोकळे होत. तरी काहीतरी राहून जाई, ते काय हे कुणाला कळेना. माणसं उशिरा उठू लागली. बोलणी कमी झाली. कुणी विळा हातात घेऊन बसे आणि कापायचं विसरून जाई. माघ लागला, ऊन परत आलं आणि सगळे पुन्हा हसू बोलू लागले. मधलं कुणी कुणाला विचारलं नाही.

सगळ्यांत जास्त लागलं ते चिंधीला. चिंधी म्हणजे कोंडाजीची सून, त्याच्या भिवाची बायको. डोक्यावरचा पदर पडू द्यायची नाही, पण तोंड म्हणून थांबायचं नाही तिचं. पाण्यावर गेली की चार बायका तिच्या बोलण्यासाठी घागरी भरूनही उभ्या राहत. सासऱ्यालाही ती सोडत नसे. कोंडाजी जेवताना दातात नाचणीची भाकरी घोळवत बसला की ती चुलीपाशी बसून म्हणे, "मामंजी, भाकरी खाताय का तिची समजूत घालताय?" म्हातारा हसे. त्याची बायको वाटेतच गेली होती. घरात हसायला त्याला एवढं एकच माणूस होतं.

ती चिंधी दुसऱ्या थंडीत गप्प झाली. तिसऱ्या थंडीत तिनं अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही. भाकरी पुढं केली तर बघत राही आणि हात उचलत नसे. काय होतंय विचारलं तर म्हणे, "काही नाही. जड वाटतंय."

वाडीची माणसंही माणसंच. बायका म्हणाल्या, "नाचणीची झोडणी आली की बरी आजारी पडते ही." एकीनं मिरच्या उतरून टाकल्या. दुसरी म्हणाली झऱ्यावरचं काहीतरी लागलं असेल, बोलते फार, तिथलंही कुणी ऐकत असेल. जी ती आपल्या जागी थोडी थोडी तशीच जड झाली होती, पण आपलं झाकायला चिंधीचं बोलणं बरं पडे.

शेवटी भिवानं ठरवलं की तिला डोंगरापलीकडच्या भगताकडे न्यायचं. घोंगडीत बांधून पाठीवर घेतली आणि चढू लागला. तिचं वजन लागत नव्हतं, एवढी ती उतरली होती. दुपारच्या सुमाराला तो माथ्यावर पोचला. तिथं कारवीच्या वाळल्या काड्यांवर लख्ख ऊन पडलं होतं. त्यानं तिला खाली ठेवलं आणि दम खात बसला. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "बांधलीय ती भाकरी काय भगताला द्यायची का?"

भिवानं वळून पाहिलं. चिंधी उन्हात तोंड करून बसली होती. तिनं भाकरी खाल्ली, चटणी मागितली. भिवाला वाटलं भूत वाटेतच सुटलं, आता भगत कशाला. तो तिला घेऊन आनंदानं खाली आला. दोन दिवस ती उठली, चुलीपुढे बसली. मग पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. या वेळी पाणीही घेईना.

भिवानं बापाला माथ्यावरचं सगळं सांगितलं. कोंडाजी ऐकून घेत होता. ऐकता ऐकता त्यानं मान वर केली आणि कड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "भूत नाही रे ते. मी मागून घेतलेलं आहे."

माणसं जमली. कुणी म्हणालं वाडी उठवू. पण खाली जायला पाणी नव्हतं, माथ्यावरही पाण्याचा थेंब नव्हता, आणि सावली सोडणार नाही असा शब्द दिला होता. कुणी म्हणालं, एका सुनेपायी एवढ्या घरांनी का उठायचं? तेव्हा एक दांडगा गडी, रानात एकटा अस्वलाला सामोरा गेलेला, खाली बघत बोलला, "मलाबी होतं ते. सकाळी उठावं वाटत नाही." मग एक म्हातारी बोलली, तिच्यामागून तिची लेक. एकेक करून निम्मी वाडी बोलली. चिंधी सगळ्यांत आधी पडली होती एवढंच.

कोंडाजी उठला. सुनेच्या उशाशी जाऊन बसला. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्याला वाटलं असेल, पण त्या काळी सासऱ्यानं तसं करायची रीत नव्हती. त्यानं घोंगडीचं टोक तिच्या पायांवर नीट सारलं आणि म्हणाला, "पोरी, तुझ्या वाटणीची सावली मी परत मागून घेतो." चिंधीनं ऐकलं की नाही, कुणाला सांगता येत नाही.

सकाळी तो एकटाच कपारीकडे चढला. भिवा सोबत निघाला तर त्याला मागं फिरवलं. त्या कपारीत बाराही महिने ऊन शिरत नसे. तिथं बसून तो कडजाईला काय म्हणाला हे ऐकायला कुणी नव्हतं, पण आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत ते असं. तो म्हणाला, "आई, दिलेलं तू परत घेत नाहीस, हे मला ठाऊक आहे. मी ते परत देत नाही. मागणारा मी एकटा होतो. मग सगळी सावली माझ्या एकट्याच्या अंगावर घाल. बाकीच्यांनी ती मागितली नव्हती."

दुपारी कडा वाजला. आभाळात ढग नव्हता आणि गडगडाट झाला म्हणे. झाडावरची पाखरं एकदम उडाली, गुरांनी दावी ताणली. धारेचा एक तुकडा सुटला आणि खाली आला. वाडीवर एक खडाही पडला नाही. सगळा दगड घरंगळत आला तो कपारीच्या तोंडाशी थांबला, आणि कपार बंद झाली. धूळ बसली तशी माणसांनी वर पाहिलं. धारेत खाच पडली होती आणि तिच्यातून ऊन खाली उतरत होतं. धुळीत ते ऊन उभ्या खांबासारखं दिसत होतं, असं सांगतात. त्याचं खालचं टोक या खडकावर टेकलं होतं.

पुढं जायची कुणाची छाती होईना. पौषात वाडीत ऊन ही गोष्टच कुणी पाहिली नव्हती. माणसं कडेनं उभी राहिली, हात जोडून. तेवढ्यात कुणाची तरी कोंबडी उन्हात शिरली, पंख पसरून पडली आणि डोळे मिटले. तेव्हा माणसांना धीर आला.

भिवानं चिंधीला उचलून आणली आणि खडकावर बसवली. ऊन आधी तिच्या पायांवर आलं, मग मांडीवर, मग तोंडावर. सगळी वाडी बघत होती. पुष्कळ वेळानं तिनं डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामंजींना बोलवा की. म्हातारं माणूस गारठ्यात कुठं बसलंय?"

भिवानं वर पाहिलं. त्याच्या नजरेमागोमाग तिनंही बंद झालेल्या कपारीकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती रडली. महिनाभर जिला रडूही आलं नव्हतं ती पोटभर रडली, आणि म्हातारी माणसं म्हणतात, तेव्हाच ती बरी झाली.

पुढच्या पौषात पहिलं ऊन पडायच्या दिवशी माणसांनी खडक सारवला, घोंगडी अंथरली आणि भिवाला म्हणाली, "तू आता वाडीचा कारभारी. पहिला मान तुझा. बस." भिवा निघालाही होता. चिंधी मधे उभी राहिली. एवढ्या माणसांत सुनेनं बोलायची ती पहिलीच वेळ. ती म्हणाली, "ज्यांनी ऊन आणलं ते सावलीत बसलेत. मानानं कुठं बसायचं ते तुम्हीच बघा."

भिवा मागं सरला आणि त्या करंजाखाली सावलीत जाऊन बसला. मग चिंधीनं गर्दीतून अस्वलवाल्या गड्याला हाताला धरून आणलं. तो लाजत होता. ती म्हणाली, "अस्वलाला नाही लाजलास तो?" आणि त्याला खडकावर बसवलं.

आजही पौष लागला की ज्याच्याकडे मान असेल तो करंजाखाली सावलीत बसतो. उन्हाला शिवत नाही. महिनाभर त्याचं काम एवढंच, की येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचं आणि विचारायचं, "ऊन पोचलं का?" ज्याला पोचलं तो म्हणतो पोचलं, आणि आपल्या कामाला जातो. ज्याला पोचलं नाही त्यानं तसं सांगायचं. त्यात लाज नाही. कुणी कारण विचारत नाही, कुणी समजूत घालत नाही. त्याला खडकावर मधे बसवतात.

गेल्या पौषात एक नवी सून होती, कोकणातली. भर उन्हात वाढलेली पोर. रोज विचारलं की मान खाली घालून म्हणायची, "पोचलं." सासरचा मान राखायचा म्हणून. मानकऱ्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. एक दिवस ती बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "नाही हो पोचलं."

खडक गच्च भरला होता. बायका सरकल्या. बघा, हा खडक एवढासाच आहे, जागा तशी होत नाही. पण कुणी 'नाही पोचलं' म्हणालं की होते.